चांगल्या माणसाला नवा जन्म कशासाठी?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आपल्या त्या स्नेह्याने सगळ्यांदेखत ‘माझा नवा जन्म झाला’ असं सांगितलं आणि ते तुझ्या मनातून जाईना, हे वाचून मला बरं वाटलं. असं वाक्य ऐकून मान डोलावणारे आणि लगेच विषय बदलणारे पुष्कळ असतात. तू थांबलास आणि मला दोन प्रश्न विचारलेस. तुम्ही ख्रिस्ती लोक पुनर्जन्म मानत नाही, मग नव्याने जन्मलो असं कसं म्हणता? आणि जो माणूस मुळातच सरळमार्गी आहे, कुणाचं वाईट करत नाही, त्याला या नव्या जन्माची गरज काय? दुसरा प्रश्न तू थोडा दुखावून विचारला आहेस, असं मला वाटलं. म्हणून उत्तरही मी मोकळेपणाने देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर होईल. माणसाला एकदाच मरायचं असतं आणि त्यानंतर न्याय, असं बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलं आहे. जन्ममरणाचा फेरा ख्रिस्ती श्रद्धेत नाही. नवा जन्म व्हायचा तो याच आयुष्यात, याच देहात. फरक इतकाच नाही. फेऱ्याच्या कल्पनेत पुढचा जन्म मागच्या कर्मांवर ठरतो. इथे मात्र तो कर्मांच्या हिशेबात बसतच नाही. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याला लिहिलं, की आपण केलेल्या नीतीच्या कर्मांमुळे नव्हे, तर देवाने आपल्या दयेने आपल्याला तारलं, नव्या जन्माच्या स्नानाने आणि पवित्र आत्म्याने केलेल्या नवीकरणाने.

आता दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर सगळा विषय त्यातच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्राच्या, तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा गृहस्थ रात्री येशूकडे येतो. तो परूशी, म्हणजे यहुद्यांच्या एका धर्मनिष्ठ पंथातला आहे, यहुद्यांचा एक अधिकारी आहे. परूशी म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे ढोंगी माणूस उभा राहतो, पण त्यांच्यातल्या पुष्कळांवर तो अन्याय आहे. देवाचं नियमशास्त्र मंदिरापुरतं न राहता रोजच्या जगण्यात उतरावं म्हणून ती माणसं झटत होती. निकदेम त्यांच्यातलाही आदरणीय. बोलायला सुरुवातही तो नम्रपणे करतो: गुरुजी, आपण देवाकडून आलेले शिक्षक आहात हे आम्हाला ठाऊक आहे. त्यावर येशू त्याचे आभार मानत नाही की त्याचं कौतुक करत नाही. एकदम म्हणतो, नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचं राज्य पाहता येत नाही.

लगेच पुढचा, चौथा अध्याय उघड. तिथे दुपारच्या वेळी विहिरीवर एक शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या लोकांतली, स्त्री येते. तिचे पाच नवरे झालेले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नव्हे. तिला येशू ‘तुला नव्याने जन्मायला हवं’ असं म्हणत नाही. तिला तो जिवंत पाणी देऊ करतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराला, ज्याला लोक पापी म्हणत, तर तो म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. ते कठोर वाक्य त्याने ऐकवलं ते अशा माणसाला, ज्याच्या चारित्र्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती.

असं का, यावर मी वर्षानुवर्षं विचार करत आलो आहे. मला जे उमगलं ते असं. ज्याचं आयुष्य मोडलं आहे त्याला आपल्या हातून काही होणार नाही हे आधीच कळलेलं असतं. सज्जन माणसाला ते कळत नाही, कारण त्याच्या हातून खरोखरच पुष्कळ झालेलं असतं. संयम, अभ्यास, दानधर्म, लोकांचा विश्वास, हे सगळं त्याने कष्टाने उभं केलेलं. मग देवाकडे जातानाही तो त्याच सवयीने जातो, आणखी एक पायरी कुठली ते विचारायला. येशू त्याला पायरी देत नाही. जन्म ही अशी एकच गोष्ट आहे, जिच्यात जन्मणाऱ्याचं कर्तृत्व काडीचंही नसतं. कुणी स्वतःला जन्म दिलेला नाही. त्यामुळे हा सुधारणेचा पुढचा टप्पा नव्हेच. जगणं मुळातच कुणाकडून तरी मिळतं, हे मान्य करण्याची ती जागा आहे.

निकदेम विचारतो, म्हातारा झालेला माणूस कसा जन्मेल? आईच्या उदरात दुसऱ्यांदा जाणं शक्य आहे का? या प्रश्नावरून त्याला भोळा ठरवणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. मला ती पटत नाहीत. मला त्या प्रश्नात खंत ऐकू येते. इतकी वर्षं जगून झालं, सवयी पक्क्या झाल्या, माणूस ज्या वळणाचा व्हायचा त्या वळणाचा झाला. आता सुरुवातीपासून काही होऊ शकतं, असं खरंच म्हणता? चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही हा प्रश्न भोळा वाटणार नाही.

यावर येशू पाणी आणि आत्मा यांपासून जन्मण्याविषयी बोलतो, आणि पुढे म्हणतो, तू इस्राएलाचा गुरू असूनही तुला हे कळत नाही? म्हणजे हे त्याला आधीच माहीत असायला हवं होतं. कुठून? माझ्या मते यहेज्केलाकडून. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलमध्ये हद्दपार झालेल्या लोकांमध्ये हा संदेष्टा बोलत होता. छत्तिसाव्या अध्यायात देव म्हणतो, मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन, तुमच्यातलं पाषाणाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन, माझा आत्मा तुमच्या ठायी घालीन. पाणी आणि आत्मा, येशूने निकदेमासमोर ठेवलेल्या त्याच दोन गोष्टी. आणि त्या वचनांत सगळं करणारा देव आहे, हे लक्षात घे. गंमत अशी, की याच यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात उलट आज्ञा आहे: आपल्यासाठी नवं हृदय आणि नवा आत्मा करून घ्या. आधी आज्ञा, मग अनेक वर्षांचं अपयश, जेरुसलेमचा पाडाव, आणि त्यानंतर वचन: तुम्हाला जमलं नाही ते मी करीन. ख्रिस्ती शिकवणुकीतला नवा जन्म मला या दोन अध्यायांच्या मध्ये उभं राहूनच समजतो. आज्ञा रद्द झालेली नाही. ती पाळण्याचं बळ बाहेरून यावं लागतं.

मग माणसाने करायचं काय, नुसतं बसून राहायचं? येशू त्या रात्री गणना या पुस्तकातली एक जुनी घटना काढतो. रानात सापांनी डसलेल्या लोकांसाठी मोशेने पितळेचा साप खांबावर लावला. ज्याने त्याच्याकडे पाहिलं तो वाचला. तसंच मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे स्वतः येशूला, उंच केलं जाईल, असं तो म्हणतो, आणि त्याचा रोख वधस्तंभाकडे आहे. विष उतरवणं डसलेल्याच्या हातात नव्हतं, नजर वर उचलणं होतं. विश्वास म्हणतात तो एवढाच, आणि ज्याला स्वतःकडेच पाहायची सवय आहे त्याला तेवढंही सोपं नसतं.

हा जन्म नेमका कधी होतो, यावर मात्र आमच्यात एकमत नाही, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या शिकवणुकीनुसार तो बाप्तिस्म्यात होतो. ही समजूत फार जुनी आहे; दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक बाप्तिस्म्याचं वर्णन नवा जन्म म्हणूनच करतो. रोममधल्या लॅटरन बाप्तिस्मागृहात पाचव्या शतकातल्या लॅटिन ओळी कोरलेल्या आहेत, त्यांत चर्च ही आई या पाण्यात लेकरांना जन्म देते असं म्हटलं आहे. मला ती कल्पना फार प्रिय आहे, कारण जन्माला आई लागते, एकट्याने जन्म होत नाही. बॅप्टिस्ट आणि इतर कित्येक मंडळ्या म्हणतात, आधी पश्चात्ताप आणि विश्वास, मग त्याची साक्ष म्हणून पाणी.

दोन्ही बाजूंना बळ देणारी आयुष्यं आहेत. पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणारा इंग्रज जॉन वेस्ली ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, दीक्षित पाळक, कैद्यांना भेटणारा, उपास करणारा, मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियापर्यंत जाऊन आलेला. म्हणजे जवळजवळ निकदेमच. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत कुणी तरी पौलाच्या रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. ते ऐकताना, पावणेनऊच्या सुमारास, आपल्या हृदयात एक विलक्षण ऊब जाणवली आणि तारणासाठी आपण केवळ ख्रिस्तावर विसंबलो आहोत हे कळलं, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं. आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांना त्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं. संस्कृतची एवढी विदुषी, बालविधवांसाठी शाळा उभी करणारी बाई, आणि तिने हे लिहावं! ‘चांगल्या माणसाला गरज काय’ या तुझ्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला सापडत नाही.

माझ्याकडे अशी तारीख नाही. तान्हेपणी बाप्तिस्मा, मग मोठेपणी त्याच श्रद्धेला दुजोरा देणारं दृढीकरण, आणि मध्ये कधी तरी मी ज्याच्याविषयी बोलत होतो त्याच्याशी बोलू लागलो. येशूने वाऱ्याचं उदाहरण दिलं आहे, आवाज येतो पण कुठून आला ते कळत नाही. मला त्या वचनाचा मोठा आधार वाटतो. आपण जिवंत आहोत हे कळायला जन्मवेळ पाठ असावी लागत नाही. म्हणून ‘तुझी तारीख सांग’ असं दरडावून विचारणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि ज्यांच्या तोंडी हे शब्द एखाद्या गटाचा बिल्ला म्हणून येतात, त्यांच्याविषयी तर वाईटच वाटतं.

खूण मात्र शास्त्राने दिलेली आहे. योहानाचं पहिलं पत्र म्हणतं, आपण मरणातून जीवनात आलो आहोत हे आपल्याला कळून आलं, कारण आपण बंधुजनांवर प्रीती करतो. आनंदाश्रू, स्वप्नं, अंगावरचे शहारे यांचा तिथे उल्लेख नाही. तू लिहिलंस की आपला स्नेही अजूनही तसाच तापट आहे. असेल. जन्म म्हणजे वाढ नव्हे. बाप्तिस्म्याचा अर्थ सांगताना ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत लिहिलं, की आपल्यातला जुना आदाम, म्हणजे जुना पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडवला गेला पाहिजे आणि रोज नवा माणूस वर आला पाहिजे. रोज, हे महत्त्वाचं. तेव्हा त्याच्या रागावरून त्याचा निकाल लगेच लावू नकोस. राग आल्यावर तो क्षमा मागायला येतो का, तेवढं पाहा.

आणि तुझ्याबद्दल. तुझ्या चांगुलपणात खोट आहे असं मला म्हणायचं नाही. तो खरा आहे, मी तो अनुभवला आहे. पण तू त्याने दमलेला मला दिसतोस. सगळ्यांचा आधार व्हायचं, कधी चुकायचं नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही, हे सगळं तू एकट्याच्या जोरावर चालवलं आहेस. या सुवार्तेत तुला द्यावंसं वाटतं ते हे, की हे ओझं वाहणं ही जगण्याची अट नाही. मुलाला आधी घर मिळतं, मग ते चालायला शिकतं.

निकदेमाचं पुढे काय झालं? तिसऱ्या अध्यायात त्याचं शेवटचं वाक्य ‘या गोष्टी कशा होऊ शकतात?’ हे आहे, त्यानंतर त्या अध्यायात तो बोलताना दिसत नाही. त्याने मानलं की नाही, योहान सांगत नाही. सातव्या अध्यायात तो आपल्याच सहकाऱ्यांसमोर विचारतो, एखाद्याचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? एकोणिसाव्या अध्यायात, येशू वधस्तंभावर मेल्यावर, तो गंधरस आणि अगरू या सुगंधी द्रव्यांचं शंभरेक रत्तल मिश्रण घेऊन दफनाला येतो. शिष्य पांगलेले असताना हा आला. इतका काळ लागला, तेव्हा तुलाही वेळ लागला तर मला घाई नाही.

योहानाचे तिसरा आणि चौथा हे दोन अध्याय सलग वाच, एका बैठकीत. आणि मला लिही, की निकदेमाच्या त्या शेवटच्या प्रश्नात तुला शंका ऐकू आली की ओढ. आपल्या त्या स्नेह्यालाही एकदा निवांत भेट; त्याला वाद नको आहे, ऐकणारा हवा आहे.

घरी सर्वांना माझा नमस्कार सांग. पत्राची वाट पाहतो.

तुझाच,
जुना मित्र