‘सर्व रोड बाइकना बसणारं’ कॅरिअर वेळणेश्वरच्या पुढच्या उतारावर सुटलं, त्याबद्दल

दापोली, जि. रत्नागिरी
दि. 12 जानेवारी 2026

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचं नाव आणि पत्ता पाकिटावर)

विषय : टुरिंग कॅरिअर संचाचे 2,890 रुपये परत मिळणे व वेबसाइटवरची माहिती दुरुस्त करणे.

महोदय,

याआधी दोनदा तुमच्या चॅटवर लिहून झालं. पहिल्यांदा उत्तर आलं की वजन जास्त झालं असेल. दुसऱ्यांदा आलं की समुद्राकाठच्या खारट हवेला वॉरंटी लागू नाही. एकाच तुटलेल्या बोल्टाची दोन कारणं मिळाल्यावर कागदावर लिहिणंच बरं, असं ठरवलं. पार्सल पाठवताना दापोलीचा पिनकोड तुम्हीच छापला होता. इथली हवा तेव्हाही खारटच होती.

माझी सायकल साधी ॲल्युमिनियमची, मागे आठ गिअरची रोड बाइक आहे. मित्र म्हणाले, कॅम्पिंग करायचंय तर सरळ लांब प्रवासाची टुरिंग सायकल घे. तेवढे पैसे नाहीत, आणि असते तरी घेतली नसती. दोन-तीन दिवसांचं हलकं सामान न्यायला आहे तीच सायकल पुरते, फक्त तिला थोडं समजून घ्यावं लागतं. गणपती ते दिवाळी मी तेच करत होतो. 25 मिलिमीटरचे टायर काढून 28 चे घातले. त्याहून जाड चालत नाहीत, कारण टायर आणि ब्रेकची कमान यांच्यात आता दुमडलेलं पोस्टकार्ड जेमतेम जातं. मागची कॅसेट, म्हणजे दात्यांच्या चकत्यांचा संच, 11 ते 28 दात्यांची होती, ती काढून 11 ते 32 ची बसवली. त्यासाठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) आणि थोडी लांब चेन घ्यावी लागली. पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या होत्याच. आमचा सागरी महामार्ग नावालाच सागरी आहे. खाडी आली की रस्ता पाण्यापर्यंत खाली उतरतो आणि पलीकडे लगेच छातीवर चढतो. पाठीमागे बोजा असला की पुढे 34, मागे 32 हा सगळ्यात हलका गिअर चैन राहत नाही, गरज होते.

उरलं होतं कॅरिअर. माझ्या फ्रेमला खाली, मागच्या चाकाच्या धुरीजवळ, मडगार्डची दोन भोकं आहेत. वर, सीटस्टेला (सीटखालून मागच्या धुरीकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांना), काहीच नाही. हे मी ऑर्डर देण्याआधी तुम्हाला चॅटवर विचारलं होतं. उत्तर होतं, ‘काळजी नको, रबरी अस्तराच्या क्लिपा सोबत येतात, सर्व रोड बाइकना बसतं, 25 किलो.’ त्या संभाषणाची प्रत सोबत आहे.

आता त्या 25 किलोंबद्दल. सामान मी आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर तोललं. तंबू दीड किलो, स्लीपिंग बॅग 800 ग्रॅम, चटई 450, गॅसचा डबा, स्टोव्ह नि एक टोप मिळून 700, कपडे आणि स्वेटर 1,300, हत्यारं, पंप आणि दोन ट्यूब 900, पोहे, गूळ नि कुळथाचं पीठ 1,100, आणि रिकामी बॅग 900. एकूण 7 किलो 650 ग्रॅम. पाण्याच्या बाटल्या फ्रेमवर, त्या यात धरलेल्या नाहीत. किराणावाला म्हणाला, ‘एवढ्यासाठी काटा लावायचा असतो होय?’ लावायचा असतो. नाहीतर आज मी तुम्हाला काय दाखवलं असतं?

बाजूच्या बॅगा मी लावल्याच नाहीत, त्याचं कारणही तुमच्या माहितीपत्रकात यायला हवं होतं. रोड बाइकचा मागचा भाग आखूड. माझ्या सायकलला पेडलच्या धुरीपासून मागच्या धुरीपर्यंत 41 सेंटिमीटर आहेत, टुरिंग सायकलला 44-45 असतात. तुमच्या कॅरिअरवर बॅग मागे सरकवायला जागाच नाही, त्यामुळे दर फेऱ्याला टाच बॅगेवर आपटते. मग एकच बॅग वर आडवी ठेवून पट्ट्यांनी आवळली.

20 डिसेंबरला दापोलीहून निघालो. दाभोळची फेरीबोट धरून धोपावेला उतरलो आणि रात्री गुहागरला ओळखीच्यांच्या पोफळीच्या बागेत तंबू ठोकला. तिथवर सगळं ठीक होतं. सकाळी क्लिपा बघितल्या तेव्हा डावी क्लिप बोटभर खाली आलेली दिसली. पुन्हा वर सरकवून घट्ट केली. दुसऱ्या दिवशी पालशेतची चढण चढून वेळणेश्वरपर्यंत आलो. तिथून हेदवीकडे जाताना एका उतारावर, खडबडीत डांबरावर, मागे काहीतरी ‘टक्’ झालं आणि सायकलचं शेपूट डुलायला लागलं. थांबून पाहतो तर दोन्ही क्लिपा वीतभर खाली घसरलेल्या, कॅरिअर मागे कललेलं, डावीकडचा खालचा बोल्ट भोकातच तुटलेला आणि तो पाय सुटून चाकात. दोन स्पोक वाकले. मागून येणारा डंपर हॉर्न देत बाजूने गेला, म्हणून पत्र लिहायला मी आहे.

पुढच्या गावात एका गॅरेजवाल्याने, रविवार असूनही, शटर अर्धं वर केलं. त्याने आधी बोल्टाकडे पाहिलंच नाही. सीटस्टेवरून अंगठा वरून खाली फिरवला आणि म्हणाला, ‘पाइप खाली निमुळता होत गेलाय. क्लिप एकदा सुटली की खाली जाऊन ढिलीच होणार, धरणार कशी?’ मग तुटलेल्या बोल्टाचं आतल्या बाजूला दोन सूत आलेलं टोक पकडीत धरून, डिझेलचा थेंब सोडून, हळूहळू फिरवत बाहेर काढलं. आटे वाचले, म्हणजे माझी फ्रेम वाचली. पन्नास रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून. तुमच्या इंजिनिअरिंग विभागाला जे दिसलं नाही ते त्याच्या अंगठ्याला दिसलं.

त्याचं म्हणणं मला पटलं ते असं. वजन खालचे दोन बोल्ट उचलतात आणि वरच्या दोन क्लिपा कॅरिअरला मागे-पुढे झुलू देत नाहीत. क्लिपा घसरल्या की खालचे बोल्ट बिजागरी होतात. दर खड्ड्याला वाकवले जातात, आणि शेवटी तुटतात. म्हणजे प्रश्न किलोंचा नव्हता. साडेसात किलोंना तुटलं ते पंधराला आणखी लवकर तुटलं असतं, एवढंच.

बोल्टांची गोष्ट वेगळी. वेबसाइटवर ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलंय. आलेले बोल्ट सहा आठवड्यांत तांबूस झाले. घरातल्या पिन-डबीचा चुंबक लावला, तर टच्च चिकटला. चांगल्या स्टेनलेसच्या बोल्टाला चुंबक एवढ्या जोमाने धरत नाही. गंजामुळेच बोल्ट तुटला असं मी म्हणत नाही, पण जे लिहिलं ते पाठवलेलं नाही, एवढं नक्की म्हणतो.

त्या दिवशी तवसाळची फेरीबोट पकडून जयगडला जायचं होतं, तिथून गणपतीपुळे. ते राहिलं. बॅग पाठीला बांधून, कंबर मोडून, धोपाव्याकडे परत आलो. पुढच्या आठवड्यात सीटची दांडी फ्रेममध्ये आवळून धरणारी कडी बदलली. दोन भोकं पाडलेली कडी बाजारात साडेचारशेला मिळते. कॅरिअरच्या वरच्या दांड्या तिला जोडल्या, खाली खरे स्टेनलेस बोल्ट घातले. त्यानंतर दापोली-हर्णै-आंजर्ले फेरी दोनदा केली, केसभरही हललेलं नाही. म्हणजे तुमचं कॅरिअर वाईट नाही. ज्या फ्रेमला वर भोकं नाहीत तिच्यासाठी ती कडी द्या, किंवा ‘चालणार नाही’ असं स्पष्ट लिहा. क्लिपा देऊन ‘सर्व रोड बाइक’ म्हणू नका.

मला हवं ते असं : संचाचे 2,890 रुपये, कडीचे 450 आणि स्पोक बदलून चाक सरळ करून घेतल्याचे 380, एकूण 3,720 रुपये. आणि वेबसाइटवरून ‘सर्व रोड बाइक’ हे शब्द काढणं. दुसरी मागणी मला पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण पुढचा गिऱ्हाईक हेदवीच्या उताराऐवजी कशेडी घाटात असेल.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रार पोचल्याची पावती 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद करीन आणि रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथे तक्रार करता येते, तुमच्या शहरात हेलपाटे घालायला नकोत.

कॅरिअर परत हवं असेल तर कुरिअर पाठवा, खर्च तुमचा. पण मी घातलेली कडी आणि बोल्ट काढून ठेवणार.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल, चॅटची प्रत, किराणा दुकानातल्या काट्याचा फोटो, घसरलेल्या क्लिपांचे तीन फोटो, आणि तुटलेल्या बोल्टाचं डोकं एका छोट्या पिशवीत. ते नीट सांभाळा, तेवढंच माझ्याकडे होतं.