तीस गोळ्या संपल्यावर काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटनमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टीत दोन-तीन आठवडे नेपाळ, टांझानिया, ग्वाटेमाला अशा देशांत रुग्णसेवेसाठी नेणारे दौरे आता सर्रास निघतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलेही त्यात असतात. पैसे भरायच्या आधी इथल्या नात्यातल्या नर्सताईंना फोन येतो, "पाठवू का?" आम्ही नर्सिंग शिकवणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे असे, की जरूर पाठवा, पण आधी संस्थेला एकच विचारा: तुमचा चमू परतल्यावर त्या पेशंटकडे कोण बघणार? नावागावासकट उत्तर आले नाही, तर पाठवू नका.

रक्तदाबाचेच घ्या, कारण शिबिरात तो हमखास मोजला जातो. नेपाळच्या डोंगरात एखादी बाई तासभर चढण चढून येते, रांगेत उभी राहते आणि बाकावर टेकते न टेकते तोच स्वेटरच्या बाहीवरून पट्टा आवळला जातो. पाठीला टेकू नाही, हात लोंबकळतो आहे, लघवी तुंबली आहे. यंत्र १६८/१०० दाखवते. यातली प्रत्येक गोष्ट आकडा चढवणारी आहे. आधी पाच मिनिटे शांत बसवायला हवे, पावले जमिनीला टेकलेली, दंड उघडा आणि छातीच्या पातळीला आधार दिलेला. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायचे. पट्ट्यातल्या रबरी पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच वर जातो. एवढे करूनही आकडा १८०/११० च्या घरात नसेल, तर एका दिवसाच्या मोजणीवरून "बीपी आहे" असे सांगता येत नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी शिबिर पुढच्या गावात असते.

मग ॲम्लोडिपिन या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाच्या ३० गोळ्या हातावर ठेवल्या जातात. महिन्याभरात पावलांवर सूज आली (या गोळीने येऊ शकते), तर बाई घाबरून गोळ्या टाकून देते. सूज नाही आली, तर तीस गोळ्या संपतात आणि पुढची पुडी द्यायला कोणी नसते. दोन्हीकडे नुकसान तिचेच, आणि पुढे सरकारी केंद्रातली नर्स औषध द्यायला गेली तर तिच्यावरचाही विश्वास उडालेला असतो.

हे टाळता येते. नेपाळमध्ये १९८८ पासून महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, आज ५० हजारांहून अधिक, आपल्या आशाताईंसारख्याच. विद्यार्थ्यांनी स्वतःचा तंबू ठोकण्याऐवजी स्वास्थ्य चौकीत (तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात), तिथल्या नर्सच्या हाताखाली बसावे. नोंद चौकीच्या वहीत व्हावी. औषध चौकीच्या यादीतले आणि तिथल्याच अधिकृत माणसाने दिलेले असावे. पुढच्या तपासणीची तारीख स्वयंसेविकेला माहीत असावी. तेव्हाच त्या १६८ ला काही अर्थ येतो.

बॅगा भरून नेलेल्या औषधांबद्दल तर फार स्पष्ट बोलायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा, की देणगीची औषधे तिथून मागणी आल्यावरच जावीत, पोचताना मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी आणि वेष्टनावरची भाषा तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावी. घरोघरून गोळा केलेल्या उरल्यासुरल्या गोळ्या यात कुठेच बसत नाहीत. रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरचेही तसेच. त्याच्या तपासणीच्या पट्ट्या त्या-त्या कंपनीच्याच चालतात. परदेशी यंत्र मागे ठेवले आणि पट्ट्या तिथल्या बाजारात मिळत नसतील, तर दान महिनाभरात कपाटात जाते. पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले तर दमटपणाने रीडिंग बिघडते, ते वेगळेच.

भाषेचा अडसर दुहेरी असतो. मुले चार नेपाळी वाक्ये पाठ करून जातात आणि समोरची आजी फक्त तामांग बोलते. मेळघाटात कोरकू बाईशी आपण मराठीत बोललो की जे होते, तेच. "समजलं का?" विचारले की सगळेच मान हलवतात. त्यापेक्षा पुडी तिच्या हातात द्यावी आणि म्हणावे, "आजी, उद्या सकाळी काय कराल, दाखवा." चूक तिथल्या तिथे कळते.

आणि जे काम मायदेशी एकट्याने करायची मुभा नाही, ते तिकडेही करायचे नाही. टाके घालणे, बाळंतपण, कॅथेटर (लघवीची नळी), शिरेतली सुई, सगळ्यालाच हे लागू. तिथे डॉक्टर कमी आहेत म्हणून विद्यार्थ्याचे शिक्षण पूर्ण होत नसते. विद्यार्थ्याला काय-काय येते, याची त्याच्या शिक्षकाने सही केलेली यादी यजमान नर्सकडे आधीच पोचायला हवी. एका शिक्षकामागे सहाहून अधिक विद्यार्थी आम्ही तरी मानत नाही.

महाराष्ट्रात याचा चांगला धडा आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात देशोदेशीचे विद्यार्थी येतात. त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात, आणि त्यातल्या कित्येक जणींनी शाळेची पायरीही चढलेली नव्हती. कोण कोणाकडे शिकायला आले आहे, हे तिथे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते.

राहिली मुलांची स्वतःची काळजी. सुईला टोपण परत बसवायला जाताना सुई बोटात घुसते, म्हणून टोपण लावायचेच नाही. सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात थेट टाकायची. तो डबा शेवटी कुठे जातो, हेही संस्थेला विचारावे, कारण गावामागच्या खड्ड्यात गेला तर सुया पोरांच्या हाती लागतात. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्याव्या लागतात. त्या मिळण्याचे ठिकाण दिवसभराच्या वाटेवर असेल, तर सुरुवातीचे डोस चमूच्या पेटीतच हवेत.

सुईतून लागू शकणाऱ्या हेपॅटायटिस बी या काविळीच्या लशीचे तीन डोस शून्य, एक आणि सहाव्या महिन्याला असतात आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासायची असतात, म्हणजे लस लागू पडली की नाही ते कळते. लहानपणी लस झाली असली तरी ही तपासणी करून घ्यावी. म्हणजे जुलैत निघायचे असेल, तर पहिला डोस नोव्हेंबरात पडला पाहिजे. जी संस्था एप्रिलमध्ये जाहिरात करून जुलैत मुले नेते, तिला या तारखा विचारून पाहाव्यात.

आपले,
नर्सिंग अध्यापनातील काही सहकारी