दहा टनांचा प्रश्न

प्रिय प्रसाद,
सप्रेम नमस्कार.

सॉलिड स्टेट बॅटरीचा इतका गाजावाजा आहे, मग शोरूममधल्या गाडीत ती का नाही, असं तू विचारलंस. कारणं बरीच आहेत, पण मला छळतं ते दाबाचं. तू गाडीचा सांगाडा डिझाइन करतोस, म्हणून तुलाच ते मोकळेपणाने लिहावंसं वाटलं.

नेहमीच्या सेलमधला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन टोकांच्या इलेक्ट्रोडमध्ये लिथियमचे आयन वाहून नेणारा पदार्थ, द्रव असतो. इलेक्ट्रोड फुगला-आकसला तरी तो फटीत शिरतो. सॉलिड स्टेटमध्ये तो घन असतो आणि त्याला ते जमत नाही. यात एक इलेक्ट्रोड लिथियम धातूचा असतो, आणि डिस्चार्ज होताना त्याच्या पृष्ठभागावरून अणू निघून जातात. मागचे तेवढ्या वेगाने पुढे आले नाहीत की तिथे पोकळ्या पडतात. मग उरलेल्या ठिपक्यांमधून सगळा प्रवाह जातो आणि चार्जिंगच्या वेळी तिथूनच लिथियमचे तंतू इलेक्ट्रोलाइटमध्ये घुसतात. बाहेरून दाबून धरलं तर मऊ लिथियम सरकतं, पोकळी बुजते. ऑक्सफर्डमध्ये पीटर ब्रूस यांच्या गटाने २०१९ मध्ये हे मोजलं. दाब ३ मेगापास्कलचा (एक मेगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहापट) ७ केल्यावर, पोकळ्या न पडता काढता येणारा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मिलिअँपिअरवरून १ वर गेला.

मग दाबा की आणखी! पण नाही. सॅन दिएगोला शर्ली मेंग यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की ५ मेगापास्कलवर सेल हजार तासांहून जास्त चालतो, २५ वर दोनेक दिवसांत शॉर्ट होतो आणि ७५ वर तर चार्जिंग सुरू करण्याआधीच. लिथियम इलेक्ट्रोलाइटच्या बारीक छिद्रांतून चक्क आरपार जातं. म्हणजे दाब हे औषध आहे, पण मात्रा फार अरुंद.

आता तुझ्या बाजूने बघ. दहा बाय वीस सेंटिमीटरचा सेल, ५ मेगापास्कल दाब: एक लाख न्यूटन, म्हणजे जवळपास दहा टन. प्रयोगशाळेत नखाएवढ्या चकतीवर ते सहज जमतं. गाडीत त्यासाठी जाड पाट्या आणि बोल्ट लागतात, आणि बॅटरी हलकी करून मिळवलेलं सगळं त्यांच्या वजनात जातं. म्हणून नव्या सेलची बातमी आली की मी ऊर्जेच्या आकड्याआधी दाबाचा आकडा शोधतो, आणि तो दिलेलाच नसेल तर मला मनापासून राग येतो.

सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये चांदी आणि कार्बनचा पातळ थर वापरून २ मेगापास्कलवर हजाराहून जास्त चक्रं काढली. मात्र ६० अंशांवर. सेल बनवताना त्यांनी दिलेला दाब ४९० मेगापास्कल होता, पण तो कारखान्यात एकदाच द्यायचा. त्याची मला चिंता नाही. मर्सिडीजने फॅक्टोरियल या अमेरिकन बॅटरी कंपनीच्या सेलना हवेच्या दाबाचे ॲक्चुएटर (दाब देणारे सरकते भाग) जोडले, ते सेलच्या फुगण्या-आकसण्याबरोबर जुळवून घेतात. त्या गाडीने २०२५ मध्ये श्टुटगार्ट ते मालमो १,२०५ किलोमीटर एका चार्जमध्ये पार केले. मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण ती यंत्रणा गाडीने जन्मभर वाहायची. त्यापेक्षा सेलच्या आतच लवचीक बाइंडर (कण बांधून ठेवणारा चिकट पदार्थ), मऊ थर आणि कमी फुगणारा कॅथोड (धन इलेक्ट्रोड) घालावा, असं माझं ठाम मत आहे.

तुझ्याकडून एक हवंय. सेल एकावर एक रचले की बल तेच राहतं, ते फक्त शेवटच्या दोन पाट्यांनी पेलायचं. दाब ०.५ मेगापास्कलवर आणता आला, तर त्याच सेलला ते एक टन होतं. सांगाड्याच्या आडव्या बीमनाच त्या पाट्या म्हणून वापरता येईल का? वाकणं किती येईल, तेवढा हिशेब करून कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
मंदार