सूचना : फिंगर जॉइंट आणि डव्हटेलचे जिग वापरताना

सदस्यहो, नमस्कार. गेल्या आठवड्यात टेबल सॉवरचा (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवरचा) फिंगर जॉइंटचा जिग कोणीतरी सरकवला (फिंगर जॉइंट म्हणजे दोन फळ्यांची लाकडी बोटं एकमेकांत बसवून केलेला जोड, आणि जिग म्हणजे त्याच्या खाचा पाडताना फळी धरणारा साचा), सांगितलं नाही, आणि पुढच्या सदस्याच्या सागवानाच्या चार फळ्या वाया गेल्या. फार वाईट वाटलं, म्हणून ही कळकळीची विनंती.

आपल्या जिगची खुंटी (पाडलेली खाच जिच्यावर बसवून पुढची खाच पाडतात ती) ६ मिमीची आहे. खुंटी आणि पातं यांतलं अंतरही नेमकं ६ मिमीच हवं. ते वाढलं तर लाकडी बोटं जाड होऊन खाचेत शिरत नाहीत, कमी झालं तर जोड खुळखुळतो. आधी टाकाऊ लाकडी तुकड्यांवर खाचा पाडून बघा. जोड हाताच्या दाबाने बसला पाहिजे, हातोडी लागता कामा नये. खुंटीपाशी साचलेला भुसा लांब ब्रशने झाडत राहा. चिमूटभर भुशानेही फळी सरकते.

या कामात पात्यावरचा गार्ड (संरक्षक झाकण) काढावा लागतो. पातं जिगच्या मागून, तुमच्या बाजूला बाहेर येतं, तिथे अंगठा कधीही नको!

राउटर टेबलवर (खालून फिरणाऱ्या बिटने, म्हणजे कापणाऱ्या टोकाने, खाचा पाडणाऱ्या टेबलावर) फेन्सला, म्हणजे आधाराच्या सरळ पट्टीला, धरून फळी उजवीकडून डावीकडेच सरकवा. डव्हटेल बिटची (कबुतराच्या शेपटीसारखी, तळाशी रुंद खाच पाडणाऱ्या बिटची) खोली एकाच फेरीत घ्यावी लागते, त्यामुळे आधी बारीक सरळ बिटने खाचेतलं जास्तीचं लाकूड काढून घ्या. बिट बदलताना प्लग काढलेला हवा.

जिगचं सेटिंग बदललंत, तर तारखेसह भिंतीवरच्या फळ्यावर लिहा.