ठमे, गावाचं बजेट कसं ठरतं ते सविस्तर सांगते

प्रिय ठमे,

व्हॉट्सॲपवर तू विचारलंस की नगरसेविका झालीस तर नगरपरिषदेच्या बजेटमध्ये काय केलंत आणि मी नुसतं "सांगते सावकाश" म्हणून सोडून दिलं, कारण ते चार ओळींत सांगायचं प्रकरणच नाहीये. आता पोरं झोपलीत, हे रात्रपाळीला गेलेत, तर सगळं लिहूनच काढते. लांब होणार आहे, एका बैठकीत नाही झालं तर दोनदा वाच पण पूर्ण वाच.

मागची निवडून आलेली बॉडी २०२१ संपता संपता गेली आणि त्यानंतर निवडणूक झाली ती थेट डिसेंबर २०२५ मध्ये. मधली चार वर्षं प्रशासक, राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचं तेच होतं. म्हणजे बजेट अधिकाऱ्यांनीच तयार करायचं, अधिकाऱ्यांनीच मंजूर करायचं, सभा नाही, कोणी उठून प्रश्न विचारणारं नाही. कामं थांबली असं मी म्हणत नाही, रस्ते झाले, गटारी झाल्या, पण कुठला रस्ता आधी आणि कुठला नंतर हे गावात कोणी कोणाला विचारलं नाही. त्यामुळे या फेब्रुवारीची बजेटची सभा आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांसाठी आयुष्यातली पहिलीच होती.

तर हे होतं कसं ते ऐक. थंडीच्या दिवसांत पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, दिवाबत्ती असं प्रत्येक खातं आपापली मागणी अकाउंट विभागाला देतं, लेखापाल ते जुळवतात, मुख्याधिकारी त्यावरून हात फिरवतात, मग ते स्थायी समितीत आणि शेवटी खास सभेत, फेब्रुवारी संपायच्या आत. सभेच्या आधी आम्हाला एक जाड पुस्तक मिळालं, आडव्या कागदाचं. प्रत्येक ओळीपुढे तीन आकडे असतात, मागच्या वर्षी खरोखर काय झालं, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सगळे तिसरा आकडा बघतात, माझा रस्ता त्यात आहे का नाही एवढंच. मी पतसंस्थेत इतकी वर्षं खाती लिहिलीत ना, त्यामुळे माझी नजर आधी पहिल्या आकड्यावर गेली आणि खरं सांगते, सगळी गोष्ट तिथेच आहे.

बघ, बजेट शिलकीचंच मांडायचं, म्हणजे खर्चापेक्षा जमा जास्त दाखवायची, अशी पद्धत आहे. मग ज्याला त्याला आपलं काम पुस्तकात हवं असेल तर खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की शिल्लक दाखवायला जमाही वाढवून दाखवावी लागते. थकबाकी सगळी वसूल होईल असं धरायचं, गाळ्यांचं भाडं पूर्ण येईल असं धरायचं, सरकारी अनुदान मागितलं तेवढं मिळेल असं धरायचं. मार्च उजाडतो तेव्हा त्यातलं बरंच आलेलं नसतं आणि ती कामं पुढच्या वर्षीच्या पुस्तकात जातात. कोणी मुद्दाम खोटं लिहितंय असं मला नाही वाटत, कोणालाच नाही म्हणायचं नसतं त्यातून हे होतं. आणि पेपरात छापून येतं ना, अमुक नगरपरिषदेचं एवढ्या कोटींचं शिलकी अंदाजपत्रक, त्या कोटींमधले बहुतेक पैसे वरून येणाऱ्या योजनांचे असतात, ज्यावर आपलं नाव असतं पण आपला हात चालत नाही.

आपला स्वतःचा पैसा कुठला मग? तुला तो स्टँडपुढचा जकात नाका आठवतो का, आपण लहान होतो तेव्हा ट्रकांची रांग लागायची. नगरपरिषदांची जकात १९९९ ला बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार सहायक अनुदान देतं. ते आलं की पगारात आणि पेन्शनमध्ये जातं. तरी सफाई कामगारांचे पगार कधी वेळेवर होतात कधी नाही, कारण अनुदानाचा हप्ता लांबला की इकडे सगळंच लांबतं. ठमे, विचार कर, ज्या माणसांनी पहाटे पाचला गाव झाडायचं त्यांचा पगार गावाच्या हातातच नाहीये.

मग राहिलं काय तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, आठवडी बाजाराची फी आणि बांधकाम परवानगीचे पैसे. त्यातही घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कर असतो, दुकानांच्या बिलावर रोजगार हमी कर असतो, ते नगरपरिषद गोळा करून राज्याला भरते, आपल्याकडे राहत नाहीत. लोक पावतीची बेरीज बघतात आणि म्हणतात एवढे घेता आणि करता काय. घरपट्टीची फेरआकारणी चार वर्षांनी करायची असते, नोटीस, हरकती, सुनावणी असं सगळं करून, पण ती वेळच्या वेळी करायला कोणी धजावत नाही. मग एकदम केली की एकदम वाढते आणि मोर्चा येतो.

पाण्याचं तर ऐकूनच वाईट वाटेल. आपल्याकडे मीटर नाहीत, अर्धा इंची नळाला वर्षाची ठरलेली पाणीपट्टी. अंगण धुणाऱ्यालाही तेवढीच आणि दोन हंड्यांसाठी थांबणाऱ्या बाईलाही तेवढीच. आणि खर्च बघ, जॅकवेलच्या म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीच्या पंपांचं लाईटबिल, तुरटी, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, वॉल्व्हमनचे पगार, पाईपलाईन फुटली की जेसीबी. पाणीपट्टी सगळी वसूल झाली तरी हे भागत नाही आणि सगळी कधी होतच नाही, म्हणून मग घरपट्टीतला पैसा पाण्याकडे वळवायचा. मी सभेत बोलले की टप्प्याटप्प्याने मीटर बसवा, कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग करा. निवडून आल्या आल्या दरवाढीचं नाव नको असं दोन्ही बाजूंनी मला सांगितलं, सत्ताधारी पण आणि विरोधक पण. मी अजूनही म्हणते की पहिल्याच वर्षी हे करायला हवं, पाचव्या वर्षी तर कोणीच करणार नाही.

जे जमा होतं त्यातही आधीच वाटे ठरलेले असतात. स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के महिला आणि बालकल्याणाला, ५ टक्के दिव्यांगांना, ५ टक्के मागास आणि दुर्बल घटकांना. हे चांगलंच आहे आणि असायलाच हवं, पण उत्पन्नच तुटपुंजं असेल तर त्याचे ५ टक्के किती होणार सांग. मग शिलाई मशीनच्या ट्रेनिंगवर बोळवण होते. दिव्यांगांचा निधी तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने वाटला जातो, या वर्षी तो दिवाळीच्या आत वाटायचा असं मी लिहून घेतलंय.

वित्त आयोगाचे पैसे दिल्लीतून येतात, १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, आणि ४० टक्के अबंधित. त्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच आणि १ एप्रिलपासून १६ वा आयोग. बजेट तर फेब्रुवारीत करायचं. मग त्या ओळीत काय लिहायचं? मागच्यासारखंच धरून लिहिलंय, दुसरा इलाजच नव्हता.

आणि मोठी कामं म्हणजे योजना, नगरोत्थान, दलित वस्ती, अमृत. नगरोत्थानचे जिल्ह्याचे पैसे जिल्हा नियोजन समितीत ठरतात, तिथे अध्यक्ष पालकमंत्री, म्हणजे आपल्या गल्लीतला रस्ता होणार का नाही हे पुष्कळदा जिल्ह्याच्या मिटिंगमध्ये ठरतं. त्यातून काम मंजूर झालं की गावात फटाके वाजतात, बॅनर लागतात. पण नगरपरिषदेला आपला हिस्सा घालावा लागतो हे कोणी बॅनरवर लिहीत नाही. समज दहा कोटींचं काम आलं आणि आपला हिस्सा एक कोटी, तर तो एक कोटी कुठून काढायचा? गटार साफ करायच्या ओळीतून, दिवाबत्तीतून, दुरुस्तीतून. नवीन टाकी येते आणि जुनी पाईपलाईन गळतच राहते ती यामुळे. फुकट आलेलं काम फुकट नसतं ठमे, हे मला पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं आणि त्या रात्री खूप राग आला होता.

हे सगळं वजा केल्यावर जी थोडी रक्कम उरते, खऱ्या अर्थाने आमच्या हातातली, तिच्यावर सभेत तीन तास भांडण झालं. माझं म्हणणं एकच होतं, आठवडी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं ना, मी वॉर्डातल्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि वाण दिलं की विचारायचं, नगरपरिषदेने या वर्षी एक काम करायचं असेल तर कुठलं करावं. वहीत लिहून घेत होते. रस्ता कोणी म्हणालं, नळाची वेळ पहाटेची नको असंही म्हणालं, पण ज्या भाजी विकायला बसतात त्या सगळ्याजणी एकच बोलल्या. आसपासच्या खेड्यांतून सकाळी सातला येतात त्या, संध्याकाळपर्यंत बसतात, दिवसभर पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. त्यांच्याकडून आपण बाजाराची फी दर आठवड्याला घेतो आणि त्यांच्यासाठी एक दार नाही.

समोर प्रस्ताव होता गावाच्या वेशीवर स्वागत कमानीचा. कमान नको असं कोणी उघडपणे म्हणणार नाही, कारण तिला नाव कोणाचं द्यायचं यावर भावना असतात, आणि मी पण त्या नावाबद्दल एक शब्द बोलले नाही. मी एवढंच म्हणाले की कमान पुढच्या वर्षी पण उभी राहील, या बायका दर आठवड्याला बसणार आहेत. बाजूच्या वॉर्डातली एक आहे, दुसऱ्या पार्टीची, आमचं प्रचारात चांगलंच वाजलं होतं, ती उठली आणि म्हणाली माझं अनुमोदन. मग आणखी दोघी उठल्या. पन्नास टक्के बायका सभागृहात असण्याचा अर्थ मला त्या मिनिटाला कळला.

पण नुसतं बांधून भागत नाही गं. गावात आधीची दोन स्वच्छतागृहं आहेत, दोन्हीला कुलूप. का, तर बांधायला योजनेतून पैसे मिळाले आणि पाणी, लाईट, झाडणारी बाई यासाठी बजेटमध्ये ओळच नव्हती. म्हणून मी अडून बसले की बांधकामाच्या ओळीखाली दुसरी ओळ हवी, देखभालीची, वर्षभराची, आणि ती रक्कम दुसरीकडे वळवायची असेल तर सभेपुढे विषय आणा. लेखापालांनी ती जागच्या जागी लिहून घेतली. कमानीची तरतूद कमी झाली, बंद नाही झाली. मला पूर्ण मिळालं नाही, बांधकामाला मागितलं त्यापेक्षा कमीच ठेवलंय, पण देखभालीची ओळ पुस्तकात आहे आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे, कारण एकदा ओळ आली की पुढच्या वर्षी ती पुसायला कोणालातरी तोंडाने सांगावं लागेल.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. माझ्या माहेरी, एवढं छोटं खेडं, तिथे ग्रामसभा असते, माणूस उठून सरपंचाला विचारू शकतो पैसे कुठे गेले. आपलं गाव मोठं झालं, नगरपरिषद झाली, तर लोकांची ती जागाच गेली. सभेला प्रेक्षक म्हणून बसता येतं, बोलता येत नाही. तुमच्या पुण्यात महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून वॉर्डातल्या कामांच्या सूचना मागवते, त्यातली कामं बजेटमध्ये धरते. तू कधी तो फॉर्म भरलायस का? भरला असशील तर त्यात काय काय विचारतात, कशी कामं घेतात, कुठली घेत नाहीत, जमलं तर फोटो काढून पाठव. मला तसंच काहीतरी इथे पुढच्या जानेवारीच्या आत सुरू करायचंय, नगरपरिषदेने नाही केलं तर निदान माझ्या वॉर्डापुरतं. मंजूर बजेट लोकांसमोर ठेवणं तर माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातच आहे, २००५ पासून, मागायची सुद्धा वेळ येऊ नये. मी वॉर्डाची पानं झेरॉक्स करून वाचनालयाच्या बोर्डावर लावली. दोन रिटायर्ड गुरुजी पेन घेऊन उभे होते, त्यांनी बेरजा तपासल्या आणि एका ठिकाणी शंका काढली, बरोबर होती त्यांची.

आता तुझं काम. थकबाकीची यादी बघत होते तर त्यात बंद घरं खूप आहेत, पुण्या-मुंबईला गेलेल्यांची, आणि त्यात तुझ्या माहेरचा वाडा पण आहे. बिल दारात पडतं, उचलायला कोणी नाही, आणि शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, महिन्याला २ टक्क्यांनी चढत जाते. कधीतरी माफी मिळेल म्हणून कित्येक जण थांबलेत, तू थांबू नकोस, आणि दादाला पण सांग. चालू आणि मागची मिळून किती आहे त्याचा फोटो मी उद्या ऑफिसातून काढून पाठवते. ऑनलाईन भरता येते, मालमत्ता क्रमांक त्यावरच असेल. ३१ मार्चच्या आत भरलीस तर या वर्षीच्या वसुलीत धरली जाईल. नळ कनेक्शन बंद करून ठेवायचं असेल तर त्याचा अर्ज वेगळा लागतो, तो मी इथे देऊ शकते, फक्त दादाची सही लागेल.

मे मध्ये येणार आहेस ना नक्की? एकटी आलीस तरी चालेल. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझीच,
मी