दीड फुटांचा भराव

महोदय,

चौकाच्या सुशोभीकरणाचे संकल्पचित्र पहिल्या पानावर चार कॉलम छापलेत, आभारी आहोत. चित्र देखणे आहे. त्यात मोटारसायकलवर भाडे नेणारे पायलट नाहीत, गाडे नाहीत, एक भटके जनावर नाही, आणि ऊन तर नाहीच. बातमीच्या शेवटी मात्र 'चौकाची पातळी दीड फुटाने उंचावणार' हे वाक्य सहज येऊन जाते. बातमीदाराने तिथेच थांबून चार प्रश्न विचारायला हवे होते, कारण त्या दीड फुटात चौकातले दोन्ही पर्जन्यवृक्ष जाणार आहेत.

झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळे बहुतेक करून वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांना हवा लागते. वर माती टाकून रोलर फिरवला, काँक्रीट ओतले, की हवा बंद. झाड लगेच मरत नाही, हीच खरी अडचण. आधी शेंडा विरळ होतो, मग फांद्या वाळू लागतात, गाडलेल्या बुंध्याची साल कुजते, आणि एखाद्या जुलैत वाऱ्याने फांदी खाली आली की 'धोकादायक वृक्ष' ठरवून करवत. तोवर कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपलेला असतो!

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले. तेव्हापासून निविदांत नेमका एक मीटर लिहिला की पुण्य पदरात पडते. मोठ्या झाडाला तेवढे पुरत नाही. बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्या धरायची असते. 80 सेंटिमीटरच्या बुंध्याला 9.6 मीटर. तेवढ्या वर्तुळात जेसीबी नको. केबलसाठी चर खणायचाच तर हाताने, जाड मुळे न तोडता. बाके हवीत तर खांबांवर ठेवा. माती भरून बुंध्याला टेकवलेला चिऱ्यांचा कट्टा हाही भरावच.

पातळी का वाढवायची, तर पाणी तुंबते म्हणून. चौक खोल गेलेला नाही, रस्ता वर आला आहे. दर हॉटमिक्स डांबरीकरणाला जुना थर न खरवडता वर नवा चढवतात, दरवेळी तीन-चार सेंटिमीटर. गटाराच्या जाळ्या खड्ड्यात गेल्या, सहा इंचांचा फुटपाथ दोन इंचांवर आला. आधी जुने थर यंत्राने खरवडून काढा, जाळ्या पातळीवर आणा, फरशीला पन्नासास एक उतार द्या. भरावाची गरज उरते का ते मग पाहू.

चित्रातल्या कारंज्याविषयी दोनच ओळी. नागपूरच्या कोरड्या उन्हात तुषारांनी गारवा येतो. आपल्याकडे गोव्यात मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे तुषार काय वाळणार? इथे सावली आणि वारा, एवढेच चालते. पंप बिघडल्यावर साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार, ते वेगळेच. चित्रातले काळे गुळगुळीत ग्रॅनाइट तर दुपारी तापते, संध्याकाळी धग सोडते आणि पावसात घसरगुंडी होते. खरखरीत फरशी घ्या, फिकट रंगाची.

सुरक्षिततेचे म्हणाल तर अख्ख्या बातमीत 'आकर्षक बोलार्ड', म्हणजे वाहने अडवणारे बुटके खांब, एवढेच आहे. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की तिथून स्कूटरही जाते, हे कुणी सांगितले नाही वाटते. जीव वाचतो तो कोपऱ्यांवर. वळणाची त्रिज्या दहा-बारा मीटर असेल तर गाडी वेग न कमी करता वळते. ती चार-पाचवर आणली की ब्रेक दाबावाच लागतो. बसच्या मागच्या चाकांसाठी कोपऱ्यात जेमतेम दोन इंच उंच, चाक चढेल असा खडबडीत पट्टा ठेवतात. ओलांडायचे अंतर बारा मीटरवरून सातवर आले तर म्हाताऱ्या माणसाचे पाच-सहा सेकंद वाचतात. झेब्रा क्रॉसिंग उंचावणार असाल तर चढाच्या बाजूला, कडेला आधी पाण्याची जाळी बसवा, नाहीतर पहिल्याच मिरगात तिथे तळे होईल.

आणि हे सारे थेट काँक्रीटमध्ये कशाला? चुन्याच्या रेघा मारा, वाळूची पोती आणि शंकू मांडा, दोन आठवडे चालवून बघा. त्यात एक शुक्रवारचा बाजार यायलाच हवा; जमल्यास चतुर्थीआधीचा, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान रस्त्यावर आलेले असते तेव्हाचा. बस कुठे अडते, टेम्पो कुठे उतरवतात, ते तेव्हा दिसेल.

पुढच्या वेळी असे चित्र छापाल तेव्हा शेजारी जमिनीच्या पातळ्यांचा नकाशाही छापा. तो रंगीत नसला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, बार्देश