उतारावरचं घर घ्यावं का?

संपादक साहेब, नमस्कार.
म्हसरूळच्या पुढे टेकडीच्या उतारावर एक रो हाऊस बघितलं, गच्चीतून चामरलेणीचा डोंगर समोर, बायको तर पडदे कुठले लावायचे इथपर्यंत पोचली. पण जोराचा पाऊस पडल्यावर मी मुद्दाम परत गेलो, तर मागच्या दगडी भिंतीला चक्क पोट आलेलं, पाणी निघायला एक पाईप सोडलेला नाही आणि पायाशी तांबडा गाळ झिरपतोय. बिल्डर म्हणे खाली काळा पाषाण आहे, टेन्शन घेऊ नका. असेल हो, पण अर्धं घर पाषाणावर आणि अर्धं भरावावर असेल तर भराव बसतो आणि भिंतीला तडा जातो, हे सिव्हिलवाल्या मेहुण्याने सांगितलं. माळीण गावावर दरड कोसळली २०१४ ला, इर्शाळवाडीवर २०२३ ला, दोन्ही जुलैतच. आपल्याकडे तसंच होईल असं नाही म्हणत, पण कुठे खोदलं आणि कुठे भरलं याचा नकाशा गिऱ्हाईकाला दाखवणं सक्तीचं करायला काय हरकत आहे? आईचे गुडघे तो चढ चढतील का हा वेगळाच विषय. टोकन अजून दिलेलं नाही.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक